एका रिंगची खुशाली

डिझेलचा वास हातातून जात नाही. साबण लावा, राख लावा, ताकात हात बुडवून बसा. कणीक मळायला घेतली की तो पुन्हा वर येतो. त्या वर्षी मे महिन्यापासून आमच्या घरच्या रोटीला डिझेलचा वास होता आणि आमचे हे ती रोटी मुकाट्याने खात होते. बोलणार काय? डिझेल वाहायचं काम त्यांचं होतं आणि ते करत होते मी.

ही तेव्हाची गोष्ट, जेव्हा फोनमध्ये माणसाचं तोंड दिसत नव्हतं. बटणांचे छोटे फोन होते. आमच्या तोर-साय गावाच्या वरच्या धारेवर कंपनीचा टॉवर होता. तिथवर विजेची तार गेली नव्हती. उन्हावर चालणाऱ्या काचा बसवल्या होत्या, पण आभाळ आलं की त्यांचा काही भरवसा नाही, म्हणून शेजारी पत्र्याच्या खोलीत जनरेटर. एक दिवसाआड वीस-वीस लिटरचे दोन कॅन घोड्यावर लादून वर न्यायचे, टाकीत ओतायचे, जनरेटर सुरू करायचा आणि वहीत सही करून खाली यायचं. कागदावर या कामाचा माणूस होता ओरोझाली, म्हणजे माझा नवरा.

एप्रिलच्या शेवटी वाटेवर बर्फाचा पापुद्रा होता. घोडा घसरला. ओरोझाली खाली आणि घोडा त्यांच्यावर. खुब्याचं हाड गेलं. गावातल्या हाडवैद्याने ओढलं, बांधलं, मेंढीच्या शेपटीची चरबी चोळायला सांगितली आणि चहा पिऊन गेला. जिल्ह्याच्या गावी, नारीनच्या इस्पितळात नेलं असतं तर कंपनीला कळलं असतं, आणि कंपनीला कळलं असतं तर काम गेलं असतं. तिसऱ्या दिवशी मीच त्यांचे बूट पायात घातले आणि कॅन बांधले. बूट मोठे होते, पुढे लोकर कोंबली. पहिल्या महिन्यात खांदे इतके दुखायचे की डोक्याला रुमाल बांधायला हात वर जात नव्हते. गावाला हे सगळं ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते कंपनीला, आणि आमच्या कालिपाला.

कालिपा आमची एकुलती एक. चार वर्षं मॉस्कोत होती, मासळीच्या थंड गोदामात. रोज संध्याकाळी सात वाजता, तिकडच्या तिच्या चहाच्या सुट्टीत, तिची एक रिंग यायची. उचलायची नाही. एक रिंग म्हणजे मी खुशाल आहे. मग मी तिला एक रिंग द्यायची, म्हणजे आम्हीही खुशाल. पैसा खर्च नाही. पहिल्या वर्षी एकदा माझा अंगठा चुकून बटणावर पडला आणि मी आपली हॅलो हॅलो करत बसले. पलीकडून ती ओरडली, आपा, ठेवा, ठेवा! आपा म्हणजे आमच्याकडे आई. तिचे फोनमधले सगळे पैसे गेले आणि पुढे चार दिवस रिंग आली नाही. ते चार दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. तेव्हापासून फोन वाजला की मी हात पाठीमागे बांधायची.

हे पडले त्या संध्याकाळीही सात वाजता रिंग आली. हे आत कण्हत होते. मी तिला परत एक रिंग दिली. तिने तिकडे बसून काय केलं असतं? रडली असती, काम सोडून आली असती. असं मी स्वतःला सांगितलं आणि पुढे रोज तीच एक रिंग देत राहिले.

सप्टेंबरच्या मध्यावर गवत घरात आलं होतं, बटाटे काढायचे राहिले होते. त्या दिवशी कॅन घेऊन वर पोचले तर टॉवरच्या कुंपणाशी कंपनीची जीप, कधीमधी कशीबशी वर चढणारी. ड्रायव्हर आत झोपलेला आणि इंजिनिअर बाहेर उभा राहून वही चाळत होता. माक्सात त्याचं नाव, तिशीचा असेल, पातळ बूट घालून डोंगरावर आलेला. याआधी दोनदा आला होता.

"ओरोझालीबाय कुठायत?" आमच्याकडे मानाने पुरुषाच्या नावाला बाय जोडतात, तसं त्याने विचारलं.

"गवताला गेलेत."

"मागच्या खेपेलाही गवताला गेले होते."

"गवत बरंच आहे," मी म्हटलं.

त्याने वही माझ्यापुढे धरली. एप्रिलपर्यंतची सही वाकडीतिकडी होती, मेपासूनची सरळ, शाळेतल्या अक्षरांसारखी. मी शाळेत पहिली यायची, त्याला मी काय करू? तो हसला नाही, चिडलाही नाही. म्हणाला, म्हाताऱ्याचं अक्षर उतारवयात सुधारलं. मी कॅन सोडायला लागले. दोर ओला होता, गाठ सुटेना, तर त्याने दोन बोटांनी मदत केली आणि बोटं लगेच पँटला पुसली. मग मोठ्या बहिणीला म्हणावं तसं एजे म्हणून बोलला, तसंही आता थोड्याच दिवसांचं काम आहे. खिंड बर्फाने बंद व्हायच्या आत टॉवरचं हे यंत्र इथून काढून खिंडीच्या पलीकडे न्यायचं ठरलंय. तिकडे रस्त्याचं काम निघालंय, तीनशे मजूर राहतात आणि दिवसभर फोनवर बोलत असतात.

मी कॅन ओतत होते. डिझेल थोडं बाहेर सांडलं, माझ्या बुटावर. एरवी मी एक थेंब सांडत नाही.

दुसऱ्या दिवशी शाळेत सभा झाली. गावप्रमुख शायलोबेक नेहमीची उंच टोपी घालून आला. सगळे लहान बाकांवर गुडघे पोटाशी घेऊन बसलेले आणि माक्सात फळ्यापाशी. त्याच्याजवळ एक कागद होता. त्याने वाचलं की तोर-सायमधून आणि तोर-सायला रोज हजाराच्या वर फोन लागतात आणि त्यातले उचलले जातात अकरा.

लोक हसले. खरं सांगायचं तर लोकांना अभिमान वाटला. शायलोबेक उभा राहून म्हणाला की आमचा गाव काटकसरी आहे, इथे एक मिनिट वाया जात नाही. एक रिंग म्हणजे खुशाल, दोन म्हणजे खाली रस्त्यावर घोडा घेऊन ये, तीन म्हणजे कोणीतरी गेलं. हे सगळं त्याने त्या पोराला समजावून सांगितलं, जणू बक्षीसच मिळणार होतं.

माक्सातने ऐकून घेतलं. मग म्हणाला, "उचलला नाही तो फोन कंपनीच्या लेखी झालाच नाही. डिझेल मात्र त्याचंही जळतं."

हसू थांबलं. मग एकेक बाहेर आलं. वसंतात कंपनीची एक मुलगी घरोघर कागद भरून घेऊन गेली होती, फोन किती वापरता म्हणून. कर लागणार असं समजून सगळ्यांनी कानावर हात ठेवले होते. फोन? आम्ही? सणावाराला कधीतरी. असं सांगा म्हणून दवंडी पिटवावी तसं गावभर सांगत फिरला होता तो शायलोबेकच. आता तो टोपी काढून आत बघत बसला.

मग त्याने नियमाचा आधार शोधला. पाचशेच्या वर वस्ती असेल तर कंपनीला टॉवर ठेवावाच लागतो, सरकारने परवाना देताना तशी अट घातली आहे, हे त्याला ठाऊक होतं. माक्सात म्हणाला, बरोबर, पण गेल्या मोजणीत तुमची वस्ती चारशे एकसष्ट भरली. मग रशियात गेलेले आमचे दीडशे कुठे गेले, शायलोबेकने विचारलं. ते इथे राहत नाहीत, माक्सात म्हणाला.

"म्हणून तर फोन लागतो रे बाबा," मागून असिलकान म्हणाली. असिलकान माझी शेजारीण. तिच्या जिभेला कोणी लगाम घातलेला नाही.

माक्सातने खडू हातात घेतला, पण लिहिलं काही नाही. त्याने साधं करून सांगितलं. तुम्ही आपसात कितीही बोललात तरी कंपनीला चिल्लर मिळते. पण रशियातून आलेला फोन इथे उचलला गेला, तर दर मिनिटामागे तिकडची कंपनी इकडच्या कंपनीला पैसे देते. या टॉवरचं डिझेल निघेल ते त्याच फोनातून. आणि तोर-सायमध्ये नेमका तोच फोन कोणी उचलत नाही.

"पण तो खर्च आमच्या पोरांच्या खिशातून," असिलकान म्हणाली.

"हो," तो म्हणाला. "पोरांच्याच."

ऑक्टोबरच्या एकतीस तारखेपर्यंत मिनिटं मोजतील, पुरेशी भरली तर यंत्र इथेच ठेवतील, एवढं सांगून तो जीपमध्ये बसला. जाताना मला म्हणाला, ओरोझालीबायना सलाम सांगा, आणि म्हणावं गवत पुरे झालं.

दुसऱ्या दिवसापासून गाव बोलायला लागला. काय ते बोलणं! पहिले दोन दिवस लोक एकमेकांनाच फोन करत होते. कुंपणाच्या अलीकडून आणि पलीकडून, एकमेकांना दिसत असताना. काय करतोस? बोलतोय. तू काय करतोस? मीही बोलतोय. मग शायलोबेकने सगळ्यांना आठवण करून दिली की ही चिल्लर आहे, रशियाचे उचला.

रशियाचा पहिला फोन असिलकानने उचलला. तिचा मुलगा येकातेरिनबुर्गला बांधकामावर होता, त्याचीही तिच्याशी तीन वर्षं रिंगवरच खुशाली चालली होती. अकरा मिनिटं बोलली. नंतर माझ्या अंगणात आली आणि मी शेणाच्या गोवऱ्या रचत होते त्या गोवऱ्यांवरच बसली. म्हणाली, झूरा, मला सून आहे. मी म्हटलं, कधीपासून? म्हणाली, दोन वर्षांपासून. तातार लोकांतली आहे, आपल्यातली नाही, आणि सहावा महिना चालू आहे. तीन वर्षं पोरगा रोज खुशाल होता, ही कसली खुशाली गं? असं म्हणत ती हसत होती आणि डोळेही पुसत होती.

मग घरोघर अशाच बातम्या निघायला लागल्या. कोणाचा मुलगा टॅक्सी चालवत होता तो मुळी चालवतच नव्हता, कोणाच्या जावयाने दुसरं घर केलं होतं, एकाने तिकडे जमीनही घेतली होती आणि चोरून ठेवली होती. चांगलं-वाईट सगळं एकदम आलं. मी मात्र अजून उचलत नव्हते.

रोज सात वाजता आमचा फोन वाजायचा आणि मी हात पाठीमागे बांधून उभी राहायची. एक रिंग, बंद. मग माझी एक रिंग, बंद. हे अंथरुणावरून बघायचे. आता ते काठी घेऊन दारापर्यंत येत होते, पण डावा पाय टेकताना अजून दात आवळायचे.

गावाला हे कळायला कितीसा वेळ लागणार? दुकानात मीठ घ्यायला गेले तर एकजण मोठ्याने म्हणाला की टॉवरवर पोट कोणाचं आणि पैसे खर्च करायचे कोणाच्या पोरांनी. दुसरी म्हणाली, यांची लेक नाजूक आहे, बोलून घसा दुखेल. मी मीठ घेतलं आणि घरी आले. बटाट्याचे शेवटचे दोन वाफे राहिले होते, ते संध्याकाळपर्यंत एकटीने खणून काढले. राग आला की माझं काम चांगलं होतं. पण त्यांचं काय चुकलं होतं? टॉवर गेला तर सगळ्यांचाच जाणार होता. माझी तर सात वाजताची रिंग जाणार होती, आणि त्या एका रिंगवर मी चार वर्षं जगले होते. ती यायची थांबली की कालिपा आहे की नाही हे मला कोण सांगणार होतं?

त्या दिवशी यांच्या खुब्याला चरबी चोळताना मी ते बोलून दाखवलं. उचललं तर ती विचारणार, आबा कसे आहेत. मग मी काय सांगू? पाच महिने रोज तिला फसवलं, हे सांगू?

हे भिंतीकडे तोंड करून पडले होते, ते माझ्याकडे वळले. मग म्हणाले, "उचल. मी पडलो हे मी सांगतो. पडलो मी, तू नाहीस."

माणूस आयुष्यभर कमी बोलला, पण बोलला ते उपयोगाचं.

दुसऱ्या दिवशी ऑक्टोबरची नऊ तारीख होती. सकाळी मी डिझेल वर नेलं, टाकी काठोकाठ भरली, जनरेटरचा आवाज दहा मिनिटं ऐकत बसले, मध्येच बंद पडू नये म्हणून. घरी येऊन हात तीनदा धुतले. यांनी टोपी घातली होती. फोनवर बोलायला टोपी कशाला, असं मी विचारलं नाही. पावणेसातपासून आम्ही दोघं फोन मध्ये ठेवून बसलो होतो.

सात वाजता तो वाजला. मी उचलला.

"कालिपा, ठेवू नकोस. मी मुद्दाम उचललाय. ऐक, टॉवर नेणार आहेत, म्हणून बोलायचंय, पैसे जाऊ देत," हे सगळं मी एका दमात म्हणून टाकलं.

पलीकडे श्वास ऐकू येत होता. मग एक आवाज आला, बारीक, आमच्या देशाच्या दक्षिणेतल्या ओशकडच्या बोलीचा. कालिपाचा नव्हता.

"आपा, तुम्ही का उचललात?" ती पोरगी म्हणाली. "तुम्ही तर कधी उचलत नाही."

मी विचारलं तू कोण. ती म्हणाली, बुरुल, कालिपाच्या खोलीतली. मी विचारलं कालिपा कुठाय. ती रडायला लागली. रडू नकोस, मिनिटं जातायत, मी म्हटलं. माझा आवाज इतका शांत होता की माझा मलाच परका वाटला. हे काठीवर जोर देऊन उठायचा प्रयत्न करत होते, मी त्यांना हाताने खाली बसवलं.

बुरुलने सांगितलं ते असं. जुलैत कालिपाला ताप यायला लागला. गोदामात रोज बारा तास थंडीत उभी, छातीत पाणी झालं. ऑगस्टच्या सुरुवातीला इस्पितळात नेलं. पाठीतून सुई घालून पाणी काढलं, दोनदा. तिथे त्या वॉर्डात फोन ठेवू देत नाहीत. जाताना कालिपाने फोन हिच्या हातात दिला आणि शपथ घातली की रोज तिकडच्या चार वाजता, म्हणजे आमच्या सातला, आईला एक रिंग द्यायची, एक दिवसही चुकवायची नाही, आबांचं वय झालंय. बुरुल एकही दिवस चुकली नव्हती. तिच्या पाळीत काम असलं तरी मुकादमाच्या शिव्या खाऊन ती बाहेर येऊन रिंग देत होती.

"जिवंत आहे ना?" मी विचारलं.

"आहे, आपा. आता जेवते. रविवारी मी भेटायला जाते. या रविवारी फोन चोरून आत नेते, बोला तुम्ही."

नऊ मिनिटं झाली होती. फोन खाली ठेवला तेव्हा माझ्या हाताला तो चिकटला होता, इतका घाम. यांनी विचारलं. मी सांगितलं. त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. दोन महिने. दोन महिने मी रोज संध्याकाळी त्या रिंगला मनातल्या मनात आशीर्वाद देत होते, आणि माझी लेक पाठीत सुया घेऊन पडली होती. मला त्या पोरीचा राग यायला हवा होता. आला नाही. तिने केलं तेच तर मी करत होते.

रविवारपर्यंत चार दिवस होते. ते मी कामात घालवले. शेणाने गोठ्याच्या भिंती लिंपल्या, गाईचं वाळलेलं शेण फोडून आत रचलं, दोनदा वर जाऊन आले. शनिवारी पहिला बर्फ पडला. वाटेत घोडा दोन ठिकाणी थांबला, तिथे मी उतरून त्याला ओढलं आणि कॅन एकेक करून पाठीवर नेले. असिलकानने खालून बघितलं असणार, कारण परत आले तेव्हा ती माझ्या चुलीवर सूप करत बसली होती. दुकानात काय बोलणं झालं ते तिच्या कानावर गेलं होतं, आणि फोनवर मला काय कळलं तेही. ती म्हणाली, आता कोणी काही बोललं तर सांग, मी आहे. मी म्हटलं, तू आहेस हेच तर सगळ्यांना भय.

रविवारी फोन दुपारी आला. आधी बुरुलची कुजबुज, मग खोकला. खोकल्यावरूनच ओळखलं.

"आपा," कालिपा म्हणाली.

मला वाटलं होतं बोलायला इतकं आहे की मिनिटं पुरणार नाहीत. आणि सुचेना काही. चार वर्षांत रिंगशिवाय काही बोललो नव्हतो, बोलायची सवयच मोडली होती. मी तिला सांगितलं की लाल गाय व्याली. तिने विचारलं, कालवड का? मी म्हटलं, गोऱ्हा. ती म्हणाली, बरं. मग दोघी गप्प. गप्प बसायलाही मिनिटं लागतात, आणि तीही कंपनी मोजते, हे माझ्या मनात आलं आणि मी म्हटलं मोजू देत.

मग तिने विचारलंच. "आबा कुठायत?"

माझ्या तोंडात आलं, गवताला गेलेत. जीभ तिकडेच वळली होती. यांनी माझ्या हातातून फोन घेतला.

"मी इथेच आहे," ते म्हणाले. "एप्रिलात घोड्यावरून पडलो. खुबा मोडला. आता काठीने चालतो."

 मग तिचा आवाज, हळू. यांनी फोन दोघांच्या मध्ये धरला.

"मग डिझेल कोण नेतं?"

"तुझी आई."

"आपा? पाच महिने? आणि रोज मला रिंग देत होतात?"

"तूही देत होतीस," मी म्हटलं.

"मी नव्हते देत. बुरुल देत होती."

"तेच म्हणते मी."

ती हसायला लागली, हसताना खोकला आला, खोकता खोकता रडली. मीही रडले. हे टोपी तोंडासमोर धरून बसले होते. एकेचाळीस मिनिटं झाली. शेवटी नर्सने पकडलं म्हणून फोन बंद झाला, नाहीतर गोदामातला बुरुलचा आठवड्याचा सगळा पगार त्यात गेला असता. तो तसाही बराचसा गेलाच. पुढच्या वसंतात लोकर कातरल्यावर मी तिच्यासाठी स्वतःच्या हाताने एक जाड रजई शिवली आणि ओशच्या ट्रकने तिच्या आईकडे पोचवली.

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात माक्सात आला. या खेपेला जाड बूट घालून आला होता. टॉवरपाशी मला गाठून म्हणाला, मिनिटं भरली, पुढच्या ऑक्टोबरपर्यंत यंत्र इथेच राहील, मग पुन्हा मोजणी. खिंडीपलीकडच्या मजुरांसाठी कंपनी दुसरं काहीतरी बघेल. मग त्याने पिशवीतून एक नवा कागद काढला. वर्षाचा करार. कामगाराच्या नावाची जागा रिकामी होती.

"नाव सांगा," तो म्हणाला.

"ओरोझाली."

"जो सही करतो त्याचं नाव सांगा, एजे. पत्र्यावर हात गोठतायत माझे, लवकर सांगा."

मी माझं नाव सांगितलं. त्याने ते लिहिलं, मी खाली सही केली, सरळ अक्षरात. घरी येऊन यांना सांगितलं तर म्हणाले, आता पगारही तूच ठेव, मला हिशेब जमत नाही. मग माझे झालेले त्यांचे बूट उचलून त्यांनी आगीजवळ वाळायला ठेवले.

मिनिटं भरली तशी गावाची जीभ पुन्हा आखडली. शायलोबेकने सांगितलं होतं की आता ऑक्टोबरपर्यंत निवांत, आणि लोक पुन्हा रिंगवर आले. एक खुशाल, दोन घोडा, तीन गेलं. कोणाला दोष द्यायचा? पोरांचा पैसा तो.

कालिपा डिसेंबरात इस्पितळातून सुटली. ते बुरुलने मला सांगितलं होतं, आणि हेही की आता फोन कालिपाकडेच राहील. त्या दिवशी मी वरून उशिरा आले, हात अजून धुवायचे होते. बरोबर सात वाजता फोन वाजला. एक रिंग. बंद झाला.

मी फोन हातात घेऊन उभी राहिले. एरवी मी एक रिंग परत द्यायची. हे बघत होते. मी नंबर दाबला आणि कानाला लावून थांबले. एक वाजली, दोन वाजल्या, तीन वाजल्या. चौथीला तिने घाईघाईने उचलला.

"आपा, काय झालं? मी एक रिंग दिली होती ना. पैसे कशाला घालवता?"

"काही झालं नाही," मी म्हटलं. "ती तूच दिलीस का, एवढं ऐकायचं होतं."

"मीच दिली, आपा."

बरं, असं म्हणून मी फोन ठेवला आणि हात धुवायला गेले.